आभार मानलेली झुडपं

कापितोलिना साव्विश्नाने पाच झुडपं दिली तेव्हा अंगणात मी एकटाच होतो. सगळा घोटाळा त्यामुळे झाला.

ऑक्टोबर लागला होता. सासूबाई दुकानात पावाच्या रांगेत होत्या, बायको गावच्या दवाखान्यात लोकांना सुया टोचत होती, आणि मी घरजावयाचं काम करत होतो, म्हणजे लाकडं फोडत होतो. कुंपणावरून आधी एक ओलं पोतं आलं, मग शेजारणीचं रुमाल बांधलेलं डोकं वर आलं.

"घे," ती म्हणाली. "स्मोरोदिना आहे. माझी."

'माझी' म्हणताना तिचा आवाज जरा अडकला. तिच्या स्मोरोदिनाला चेरीएवढी काळी फळं लागायची, आणि तीस वर्षांत तिने त्या झुडपाची एक काडी कुणाला दिली नव्हती. पोटच्या मुलीलाही नाही.

मी शहरात वाढलेला माणूस. ट्रामच्या घंटा दुरुस्त करायचो. आईने मला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या, पाय पुसून घरात यावं आणि कुणी काही दिलं तर आभार मानावेत. मी म्हणालो, "फार आभारी आहे, कापितोलिना साव्विश्ना."

मी तिच्या ताटात थुंकलो असतो तरी तिचं तोंड तसं झालं नसतं.

"काय म्हणालास?"

मला वाटलं, म्हातारीला कमी ऐकू येतं. म्हणून मी कुंपणाजवळ गेलो आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने, पुन्हा आभार मानले. डोकं कुंपणाखाली गेलं ते परत वर आलं नाही.

सासूबाई आल्या. त्यांना मी फाइना त्रोफिमोव्हना म्हणायचो, 'आई' म्हणायची परवानगी अजून निघालेली नव्हती. पोतं बघून त्यांनी पावाची पिशवी हातातच धरून ठेवली.

"कुणी दिलं?"

मी सांगितलं.

"तू काय म्हणालास?"

तेही सांगितलं.

"किती वेळा?"

"दोनदा. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने."

त्या लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसल्या. "रोप घ्यावं तर मुकाट्याने घ्यावं. नाहीतर चोरावं. चोरलेलं सगळ्यांत चांगलं रुजतं. पण आभार मानलेलं रोप मरतं. शेळीलासुद्धा हे कळतं."

"शेळी कधी कुणाचे आभार मानत नाही."

"म्हणूनच ती पुस्तकात आहे आणि तू नाहीस."

हे पुस्तक म्हणजे गावकचेरीतलं घरोघरच्या नोंदीचं. पहिला बर्फ पडून टिकला की कचेरीतली निनेल ते बगलेत मारून दारोदार फिरायची आणि माणसं किती, शेळ्या किती, कोंबड्या किती ते लिहून घ्यायची. वर्षातून एकदाच. आमच्या पानावर सासूबाई होत्या, माझी बायको झोया होती, शेळी मार्ता, वय चार, होती, आणि अकरा कोंबड्या होत्या. मी लग्न होऊन तीन महिन्यांपूर्वी आलेलो. पुस्तकात नाव नसेल तर लाकूडगिरणीत कामाला घेत नव्हते, आणि काम नसलेल्या घरजावयाला जेवताना दुसऱ्यांदा पळी मागायची लाज वाटते. सासूबाईंचा हिशेब वेगळा होता. नाव चढलं की माणूस आधी खुर्ची मागतो, मग खोली, मग घर.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तू मारलीस, तूच जगव. निनेल येईल त्या दिवशी पाचही झुडपांची साल नखाने खरवडून बघेन. आतून हिरवी निघाली तर बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. खड्डे खण."

मी खणायला लागलो आणि त्या कुंपणाकडे तोंड करून विचार करायला लागल्या. दोन खड्डे झाले तेव्हा त्यांचा विचार पक्का झाला होता.

"तीस वर्षं काडी दिली नाही आणि आज पाच झुडपं? आणि नेमकी मी पावाच्या रांगेत असताना? मी असते तर पोतं उचलून चालू लागले असते. तिला हे माहीत होतं. तुझं हे शहरी तोंड तिने तीन महिने हेरून ठेवलं असणार. आता झुडपं मरतील, गावभर तिची दानशूर म्हणून कीर्ती होईल, आणि स्मोरोदिना पुन्हा तिच्या एकटीची."

"एवढा विचार कोण करतं?"

"मी करते. मग ती का नाही करणार?"

मी तिसरा खड्डा खणायला घेतला.

झुडूप तिरपं लावायचं, मूळ संपून काडी सुरू होते त्याच्या वर चार बोटं माती येईल इतकं खोल, म्हणजे गाडलेल्या काड्यांनाही मुळं फुटतात. वर फुटव्याचे दोन-तीन डोळे ठेवून बाकीचं छाटायचं. तळाला कुजलेलं शेणखत आणि राख, त्यावर मातीचा थर, म्हणजे मुळांना खत थेट लागत नाही. मग दोन बादल्या पाणी आणि टाचेने दाबून घ्यायचं. हे सगळं मला सासूबाईंनी सांगितलं, पण असं सांगितलं की मी ते मुद्दाम चुकवणार याची त्यांना खात्री आहे.

खत मी वनखात्याच्या तबेल्यातून आणलं. तीन किलोमीटर हातगाडी ढकलत. तबेला राखणारा अर्सेनी म्हणाला, मागच्या वर्षीचं आहे, बिनधास्त घाल. सासूबाईंनी बाही वर केली, गाडीत कोपरापर्यंत हात घातला, थोडा वेळ तिथेच ठेवला, मग काढून वास घेतला.

"गरम आहे. हे या वर्षीचं."

"अर्सेनी म्हणाला मागच्या वर्षीचं."

"अर्सेनीला मागचा मंगळवार आठवत नाही. कोवळ्या मुळांना ताजं खत म्हणजे उकळतं पाणी. शिवाय फुटवा काढतं, आणि कोवळा फुटवा थंडीत पहिला मरतो. परत नेऊन टाक."

मी परत नेलं. आपलाच माल परत येताना बघून घोड्याने मान फिरवली. ढिगाच्या पार तळातून, जिथे ते काळं, थंड आणि मातीसारखं झालं होतं, तिथून मी दुसरी गाडी भरली. ती पास झाली. राखेची परीक्षा संध्याकाळी झाली. बर्च लाकडाची हवी होती. सासूबाईंनी चिमूट जिभेवर ठेवली आणि विचारलं, "रंगवलेली फळी जाळलीस का?" नव्हती जाळली. तरी मला क्षणभर वाटलं की जाळली असेल.

त्यानंतर रोज सकाळी मी उठायच्या आत त्या झुडपांपाशी असायच्या. कुंपणापासून दीड पावलावर ती पाच खुंटं ओळीने उभी होती, प्रत्येक वीतभर, आणि त्या त्यांच्यासमोर तुरुंगाच्या जमादारासारख्या. पाऊस आठवडाभर आला नाही, मी पाणी घालत राहिलो. "जमीन पाणी पाजून झोपवायची," झोया म्हणाली. "कोरड्या मुळाला थंडी आधी चावते." तिने हे पेशंटला सांगावं तसं सांगितलं आणि दुसऱ्या कुशीला वळली.

महिन्याच्या मध्यावर सासूबाईंना खुंटांच्या बुडाशी राख जास्त दिसली.

"तू घातलीस?"

"नाही."

त्यांनी ती राखही चाखली. "मीठ नाही," त्या नाराज होऊन म्हणाल्या. झुडूप मारायचं असेल तर मीठ घालतात.

त्या संध्याकाळी त्यांनी झुडपांभोवती गुडघ्याच्या उंचीवर काळा दोरा बांधला. सकाळी दोरा तुटलेला होता आणि ओल्या मातीत रबरी बुटाचा ठसा होता. लाकडाच्या ढलपीवर त्यांनी त्याचं माप घेतलं आणि मला ती ढलपी देऊन गावात पाठवलं. मी घरोघरी काही ना काही निमित्त काढून दाराशी ठेवलेले बूट मोजले. गावच्या दुकानात चार वर्षांपूर्वी रबरी बुटांचा एकच माल आला होता, सगळा एक्केचाळीस नंबरचा. एक्केचाळीस माणसांच्या गावात सगळ्यांचे पाय एक्केचाळीस नंबरचे होते. म्हाताऱ्या बायका बोटांत फडकी कोंबत होत्या, अर्सेनी टाच दुमडून घालत होता. ठसा झोयाच्या बुटाशी जुळला, सासूबाईंच्या जुळला, आणि माझ्या तर इतका जुळला की सासूबाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

"मी कशाला दोरा तोडू?"

"तेच शोधतेय."

ऑक्टोबरच्या शेवटी मधल्या झुडपाचे डोळे सुकले. आदल्या दिवसापर्यंत ते घट्ट आणि तपकिरी होते, आता मनुकेसारखे सुरकुतलेले. सासूबाईंनी नखाने साल खरवडली. हिरवी होती, पण फिकट. त्यांनी नख रुमालाला पुसलं.

"सुरू झालं," त्या म्हणाल्या. "आभार चढायला लागले."

त्या दिवशी जेवायला बसलो. कोबीचं सूप होतं. मी पळी मागितली नाही. निनेल यायला फार तर दोन आठवडे होते. झोया म्हणाली, "आई, झाडं परत करून टाक. मग आभारही परत जातील. आणि मग चोरून आण."

"आता उपटली तर मरतील. एका पानगळीत तीनदा जागा बदलली तर माणूससुद्धा मरतो."

इथे मी विनोद केला. ते माझं दुखणंच आहे. म्हणालो, "झाडं नका हलवू, कुंपण हलवा. कुंपण आपल्या बाजूला दोन पावलं आत घेतलं की झाडं त्यांच्या आवारात गेली, म्हणजे परत केली. मग एक दिवस कुंपण होतं तिथे नेऊन ठेवायचं, म्हणजे चोरली."

मी हसलो. कुणीच हसलं नाही. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याकडे एखाद्या कामाच्या वस्तूकडे बघावं तसं बघितलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बाया कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. कापितोलिनाला मी सगळं समजावलं. तिने डोळे बारीक करून ऐकलं. ती हल्ली सगळंच डोळे बारीक करून ऐकायची.

"म्हणजे मी परत घेतली असं म्हणायचं?"

"म्हणायचं नाही. घ्यायची."

"आणि मग तुम्ही चोरणार."

"आम्ही काहीच करणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही चोर आहोत का?"

"नाहीच मुळी," कापितोलिना म्हणाली. "शनिवारी मी दुपारी न्हाणीघरात असते. तीन ते पाच. आपलं सहज सांगितलं."

"मला कशाला सांगतेस?"

"सहज."

कुंपण म्हणजे सात खांब आणि त्यांना ठोकलेल्या पट्ट्या. मी आणि झोयाने ते गुरुवारी उपटून दोन पावलं आत उभं केलं. हातांना फोड आले. कुणी विचारलं तर मी सांगत होतो की कुंपणाला हवापालट हवा होता. रिकाम्या झालेल्या प्रत्येक खड्ड्यात सासूबाईंनी लोणच्याची एक रिकामी बरणी पालथी घातली आणि वरून माती लोटली.

"हे कशाला?"

"उद्या ती म्हणेल खड्डे इथे नव्हतेच. बरणी खोटं बोलत नाही." त्या कुबड काढून सातव्या खड्ड्याशी उभ्या होत्या आणि नव्या कुंपणापलीकडे गेलेल्या जमिनीकडे बघत होत्या. दोन पावलं रुंद, चौदा पावलं लांब. "वेन्या, एक सांग. हे तुला खरंच सुचलं, की तिने सुचवलं?"

"मला सुचलं."

"कधीपासून तिच्याशी बोलतोस?"

शुक्रवारी रेडिओवर सांगितलं की शनिवारी रात्री पारा शून्याखाली चौदा जाणार. जमीन गोठली की खांब सिमेंटमध्ये रोवल्यासारखे बसतात, ते मग वसंतापर्यंत हलत नाहीत. त्यामुळे शनिवारी तीन ते पाच हाच वेळ होता. आम्ही पहार, कुऱ्हाड आणि तीन फावडी पोत्याखाली झाकून दाराआड ठेवली आणि कापितोलिनाच्या वाफेच्या न्हाणीघराच्या धुराड्याकडे बघत बसलो.

तीन वाजले. धूर नाही.

सव्वातीन. नाही.

साडेतीनला सासूबाई म्हणाल्या, "तीस वर्षांत एक शनिवार तिने न्हाणी चुकवलेली नाही. नवरा गेला त्या शनिवारीही नाही." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "जमीन हवी होती तिला. झुडपं आमिष होती. आणि गळ मी स्वतः गिळला, घरजावयाच्या सल्ल्याने." मग त्या माझ्याकडे वळल्या. "जा. बघून ये काय करतेय. आणि आभार मानू नकोस."

मी गेलो. फाटकाला कडी नव्हती. घरात कापितोलिना अंगात कोट, डोक्याला रुमाल बांधून खिडकीशी खुर्चीवर बसली होती. मांडीवर टॉवेल, साबण आणि बर्चच्या पानांची जुडी, ती अंगावर मारून घ्यायला न्हाणीत नेतात. सगळी तयारी होती. फक्त ती उठत नव्हती.

"कापितोलिना साव्विश्ना, आज न्हाणी नाही?"

"जाता येत नाही रे बाळा."

"पाय दुखतात?"

"पाय बरे आहेत. पण मला माहीत आहे ना." ती डोळे बारीक करून माझ्या आवाजाच्या दिशेने बघत होती. "मी न्हाणीत गेले आणि तुम्ही नेलं, तर ते मला ठाऊक असताना नेलं. ती चोरी नाही होत. ते पुन्हा देणंच झालं. सकाळपासून विसरायचा प्रयत्न करतेय. विसरले की जाईन, असं ठरवलंय."

"आणि?"

"जितकं विसरायला बघते तितकं आठवतं."

बाहेर उजेड उतरायला लागला होता. खिडकीच्या काचेला कडेकडेने बर्फाची बारीक जाळी धरत होती. मी तिच्यासमोर बसलो. खिडकी तिच्या पाठीशी येईल अशी तिची खुर्ची जरा फिरवली. म्हणालो, "डोळ्यात वारा येतो." मग मी विचारलं, महिनाभर मला विचारायचं होतं ते. "तुम्ही झुडपं का दिलीत?"

ती बोलायला लागली. डावा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला होता, उजवा जात होता. वसंतात मुलगी शहरात घेऊन जाणार, घर विकणार. घेणारे उन्हाळ्यापुरते येणारे लोक आहेत, त्यांनी येऊन बघितलंय, त्या बाईने स्मोरोदिनाकडे बोट दाखवून विचारलं की हे झुडूप काढून इथे झोपाळा टांगता येईल का.

"फाइनालाच द्यायची होती का?"

"दुसरं कोण आहे? कोबी लावायचं तिला कळतं, बाकी गावाला खायचं कळतं." ती साबण एका हातातून दुसऱ्या हातात घेत होती. "पण तिला दिलं तर ती संशय घेणार. तिने सगळं आयुष्य संशय घेतलाय. आणि चोरायचं म्हटलं तर चोरत नाही. तीस वर्षं, बाळा, तीस वर्षं दर पानगळीत मी फाटकाची कडी काढून ठेवते. कात्रीसुद्धा ठेवली एकदा, झुडपाशेजारी. ओलं होऊ नये म्हणून फडक्यात गुंडाळून. एक काडी चोरली नाही बाईने. एवढा गर्व."

सासूबाईंनी मला या कडीबद्दल पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की शेजारीण फाटक उघडं ठेवते, सापळा आहे, पाय ठेवू नकोस.

बाहेर काहीतरी धपकन पडलं. मग पहारीचा आवाज आला, मग झोया कुणाला तरी 'धर' म्हणाली. सासूबाईंना धीर निघाला नव्हता.

मी मोठ्याने विचारलं, "आणि राख कोण घालायचं? दोरा कुणी तोडला?"

"मीच. पहाटे उठून जायचे. बोटांनी चाचपून बघायचे झुडपांचे डोळे घट्ट आहेत का. मधलं रोप कमी मुळांचं आहे, ते मलाच माहीत होतं, खणताना फावडं बसलं. दोरा होता का तिथे? मला दिसला नाही." ती हसली. "मी त्याच्यात पडले. बराच वेळ पडूनच होते."

बाहेर एक खांब ठोकला जात होता. ठण. ठण. मी तिला तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं, त्याने ते पहिलं झुडूप कुठून आणलं होतं. ती सांगू लागली, कुण्या रेल्वे स्टेशनच्या बागेतून, रात्रीच्या गाडीची वाट बघताना, कोटाच्या बाहीत घालून. चोरून. ती मनापासून सांगत होती. दुसरा खांब. तिसरा. ज्या बाईने तीस वर्षं त्या खिडकीतून आमच्या आवारात पाहिलं होतं, तिने सातही खांब होईपर्यंत एकदाही मान वळवली नाही. ती विसरली होती की नाही, मला आजही सांगता यायचं नाही.

"कसला आवाज येतो रे?" ती शेवटी म्हणाली.

"लाकडं फोडतायत."

"हं," ती म्हणाली. "थंडी येतेय. फोडलेली बरी." आणि टॉवेल घेऊन न्हाणीघर तापवायला उठली.

घरी आलो तेव्हा सासूबाईंच्या चेहऱ्यावर माती होती आणि एका हाताचं नख मोडलं होतं. मी सांगितलं सगळं, डोळ्यांचं, घराचं, फाटकाच्या कडीचं. त्या कोबी चिरत होत्या. सुरी थांबली.

"तीस वर्षं?"

"कात्रीसुद्धा ठेवली होती."

"ती कात्री मी बघितली होती," त्या हळू म्हणाल्या. मग, "सापळाच होता तो," आणि पुन्हा चिरायला लागल्या. पण कोबी फार जाड चिरला गेला. तो हिवाळाभर आम्ही तसाच खाल्ला.

रात्री पारा उतरला. सकाळी खांबांना लाथ मारली तर पाय दुखला. आठवडाभरात जमीन हातभर गोठली. मग मी झुडपांच्या बुडाशी कोरडी माती चढवली, वर बर्चचा पाला टाकला आणि पाल्यावर स्प्रूसच्या फांद्या अशा घातल्या की काटे बाहेर राहतील, उंदराला तोंड घालता येऊ नये. सासूबाईंनी तीन फांद्या उलट करून बघितल्या. मधल्या झुडपाचा एक डोळा भरला होता. इतका थोडा की ते त्यांनी मला सांगितलं नाही. मी त्यांना दोनदा तिथेच वाकलेलं पाहिलं, एवढंच.

बर्फ पडला आणि टिकला. चौथ्या दिवशी निनेल आली, काखेत पुस्तक, कानावर पेन. आम्ही अंगणात होतो. तिने मार्ताचं वय विचारलं, पाच झालं होतं. कोंबड्या दहा, एक कोल्ह्याने नेली. सासूबाई खुंटांपाशी बसून एकेक साल खरवडत होत्या. हिरवी. हिरवी. मधल्यापाशी त्या जास्त वेळ थांबल्या. हिरवी. मी वाट बघत होतो. त्या उठल्या, गुडघ्यावरचा बर्फ झटकला आणि म्हणाल्या, "बघू. वसंतात खरं कळतं."

"म्हणजे माणसं दोन," निनेल म्हणाली आणि पान उलटायला लागली.

तेवढ्यात कुंपणावरून रुमाल बांधलेलं डोकं वर आलं.

"निनेल, लिही. माझी चोरी झालीय."

"कसली?"

"पाच झुडपं, स्मोरोदिनाची. आणि हातभर जमीन."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या आभाळाकडे बघत होत्या. कुंपण परत लावताना बरण्यांच्या जागी न लावता हातभर पुढे, तिच्या आवारात लावलं होतं, हे मला तेव्हा कळलं. "खड्ड्यांत पाणी होतं," त्या आभाळाला म्हणाल्या.

"कुणी चोरली?" निनेलने विचारलं.

कापितोलिनाने माझ्या दिशेने बोट केलं. जरासं चुकलं, ते शेळीकडे गेलं. मी दोन पावलं सरकून बोटाखाली येऊन उभा राहिलो.

"नाव?"

"वेनिआमिन," मी म्हणालो.

निनेलने पान वरपासून खालपर्यंत वाचलं. "असा कुणी या घरात नाही. या गावातच नाही. जो पुस्तकात नाही त्याने चोरी केली असं मला लिहिता येत नाही."

"मग झुडपं चोरली कुणी?" कापितोलिना म्हणाली.

"कुणीच नाही."

"म्हणजे चोरीच नाही?"

"कागदावर नाही."

चोरी झाली नसेल तर झुडपं दिलेलीच होती, आणि दिलेल्यावर दोन आभार होते, त्यातला एक मोठ्याने. कापितोलिना डोळे मिटून, कान देऊन उभी होती. सासूबाईंनी त्या पाच खुंटांकडे बघितलं, मग माझ्या बुटांकडे, मग माझ्याकडे. त्यांच्या कपाळावर सबंध घराचा हिशेब चालला होता, खुर्ची, खोली, घर.

"लिही," त्या म्हणाल्या.

"काय लिहू?"

"इथे राहतो. जावई. कायमचा. मार्ताच्या खाली लिही." आणि निनेलचं पेन चालत असताना, कुंपणाकडे न बघता, "आणि चोर आहे असंही लिही. ठळक."

निनेलने शाईवर फुंकर मारली. कापितोलिनाने समाधानाने नाक ओढलं. "चोरट्या, झुडपांभोवतीचा बर्फ पायाने तुडवत जा. खालून उंदीर येतात," ती म्हणाली.

मी सासूबाईंकडे वळलो. आईने शिकवलेला शब्द जिभेवर आलाच होता, तोंड उघडलंही होतं. दोघी म्हाताऱ्या गप्प झाल्या. एक माझ्या तोंडाकडे बघत होती, दुसरी ऐकत होती.

मी तोंड मिटलं आणि बर्फ तुडवायला गेलो.